पर्समधली गोगलगाय

धक्क्यावरच्या फाटकापाशी गार्डने परतीचे पास मागितले, तेव्हा संग्राहक महाशयांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पास बायकोच्या पर्समध्ये होते. त्याच पर्समध्ये त्यांनी, ती पाय धुवायला गेली असताना, एक विषारी समुद्री गोगलगाय गुपचूप टाकली होती. जिवंत. या किनाऱ्यावरून जिवंत शंख न्यायला बंदी होती आणि गार्ड पुरुषांचे खिसे तपासायचा. शिवाय खिशाच्या कापडातूनही ती डंख मारते, हे महाशयांना पक्कं ठाऊक होतं.

बायकोने पर्सची चेन उघडली. एवढे मोठे संग्राहक, घरातली कपाटं शंखांनी भरलेली, पण "थांब" एवढा एक शब्द त्यांच्याच्याने निघेना. ते फक्त मागे सरले.

तिने ते पाहिलं. त्यांचं हे मागे सरणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. हात आत न घालता तिने पर्स सरळ गार्डच्या टेबलावर उलटी केली. कंगवा, पास, त्यांचा चष्मा, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि शेवटी तपकिरी जाळीदार नक्षीची ती गोगलगाय.

"रिकामा शंख समजून ठेवला गं," महाशय म्हणाले. शंखाचं टोक टवकलं तर नाही ना, हे ते वाकून बघत होते. तिला पटलंही असतं. याहून मोठ्या थापा तिने संसारात पचवल्या होत्या.

गार्ड भला माणूस होता. नवराबायकोत कशाला भांडण, म्हणून तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, साधी गोगलगाय आहे. पोरं खेळतात असल्यांशी." आणि त्याने पेन्सिलीने गोगलगायीला जरा ढकललं.

झालं. महाशयांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायको मेली असती तर चाललं असतं, पण त्यांच्या शंखाला कुणी साधं म्हणायचं?

"साधी? अहो, सोंडेतून विषारी काटा मारते ही. माणूस मरतो. जगात यावर औषध नाही. आणि ती पेन्सिल लावू नका, ओरखडा उठेल."

गार्डने पेन्सिल खाली ठेवली.

बायकोने कंगवा आणि स्वतःचा पास तेवढा उचलला. बाकी सगळं गोगलगायीशेजारी तसंच राहिलं.

"मॅडम, साहेबांच्या वस्तू," गार्ड म्हणाला. "यातलं काय घ्यायचं, काय नाही?"

"त्यांनाच विचारा," लाँचकडे वळत ती म्हणाली. "त्यांना सगळं माहीत असतं."