केबल एवढ्यात जोडू नका

"काका, केबल जोडायला अजून थोडे दिवस लावता येतील का?"

टोंगातल्या नेइआफूच्या धक्क्यावर कलिंगड खात बसलेल्या केबलवाल्या इंजिनियरच्या घशात बी अडकली. मागे फिपे आणि कालोलाइने या मैत्रिणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांनीच लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि मेलेनाइतेने चक्क विचारलं! गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मुलगी ही.

"अगं पोरी, समुद्राखालून इंटरनेट यावं म्हणून अख्खं बेट देवाला साकडं घालून बसलंय," तो खोकत म्हणाला. "आणि तुलाच नको?"

"आमचा संगणक मरेल ना, काका!"

पैज थट्टेची असली तरी प्रश्न खरा होता. मेलेनाइतेची आई चर्चची गाणी बसवायची. टोंगात गाणं आकड्यांत लिहितात, तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे. ते आकडे चारही आवाजांसाठी नीट मांडणारा प्रोग्रॅम एका शाळामास्तरांनी फार पूर्वी बनवला होता. मास्तर गेले. प्रोग्रॅम फक्त संगणकाच्या जुन्या प्रणालीवर चालतो. मागच्या वेळी नेट आलं तेव्हा शेजारच्या गावच्या संगणकाने कुणाला न विचारता स्वतःला नवं करून घेतलं, आणि त्यांची सगळी गाणी कुलूपबंद झाली. इकडे चर्चची परिषद तोंडावर आलेली, आणि आईचं मोठं गाणं अर्धंच झालेलं.

"मग संगणकाला नेट जोडूच नका की," इंजिनियर म्हणाला.

"आत्याचा फोन येणार ना! ऑकलंडहून. तिला बाबांचं तोंड बघायचंय."

इंजिनियर हसला. त्याने बोटं पुसली आणि तिला एक युक्ती सांगितली. संगणकाला बजावून ठेवायचं, की आपल्या घरी नेट मोजून मिळतं. मग तो जड काही ओढत नाही.

नेट आलं त्या दिवशी गावात कुणी थाळ्या बडवल्या, कुणी डुक्कर भाजायला घेतलं. मेलेनाइते मात्र संगणकासमोर नखं कुरतडत होती. नेट मोजून मिळतं, सांगून झालं. आपोआप नवं होण्याची सोय बंद, करून झालं. ती सोय स्वतःहून पुन्हा चालू झाली. तिने पुन्हा बंद केली. उठली, बसली, पुन्हा उठली. मग पडद्यावर पाटी आलीच. नवीन प्रणाली तयार आहे. आत्ता घालू की रात्री? ‘नको’ला जागाच नव्हती. तिने पाटी पुढे ढकलली. बराच वेळ काही झालं नाही. मग ती खोलीभर नाचली आणि आईलाही नाचवलं.

तेवढ्यात संगणकावर आत्याचा फोन आला.

बाबा पडद्यासमोर चटईवर मांडी घालून बसले. गावच्या सभेत आवाज चढवणारे बाबा, मान खाली.

"मानासे, तुझं नाक कुठाय? नुसते चौकोन दिसतायत मला! कसलं डबडं वापरता रे? ती नवं करायची पाटी येते ना, ती दाब. माझं तर आपोआप होतं, कळतसुद्धा नाही."

"हो, ताई."

"वन्सं," आई हळूच म्हणाली, "परिषदेची गाणी आहेत हो त्यात..."

"गाणी फळ्यावर लिहा! आपले वाडवडील काय पाट्या दाबत होते? मी चहा घेऊन येते. तोवर होऊन जाऊ दे."

पडदा काळा झाला. आईचं बोट मांडीवर तालाचे ठोके देत होतं, अर्ध्या गाण्याचे. बाबांचा हात माउसकडे गेला.

"बाबा, नाही म्हणा ना!"

"ताईला?"

बाबांनी असं पाहिलं, जणू तिने त्यांना देवमाशावर बसून शाळेत सोडायला सांगितलं होतं. तिलाही ठाऊक होतं. बापाची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. चांगली चटई तिची, पंगतीतला पहिला घास तिचा, तिने बोट ठेवलं ती वस्तूही तिची. समुद्रातून येणारं सगळं मेलेनाइतेने अडवलं होतं. बाबांना अडवायची सोय कुठल्याच यादीत नव्हती.

ती दारापर्यंत गेली, परत आली. मग एकदम तिने वायर उपटली, संगणकाचा डबा पोटाशी धरला आणि धूम ठोकली.

"अगं, कुठे चाललीस?" आई ओरडली.

चर्चच्या बाजूला पिसिला आजी राहायची. बाबांच्या वडिलांची सख्खी बहीण. दात पडलेले, पण आवाज खणखणीत. ती ओसरीवर पानांची चटई विणत होती.

"आजी, हा तुझा!"

"माझा? तो कसा गं?"

"तुला हवाय म्हणून."

"हवाय का मला?"

"हो!"

"बरं बाई. मग ठेव तिथे. आधी ती कोंबडी हाकल."

मेलेनाइते धापा टाकत घरी आली तेव्हा बाबांच्या हातातला फोन वाजत होता. पडद्यावर आत्याचं नाव. बाबा फोन उचलत नव्हते आणि ठेवतही नव्हते.

"संगणक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पिसिला आजीला देऊन टाकला. मी ठरवलंय. आई, उद्यापासून तू तिच्या ओसरीवर बसून गाणं पुरं करायचंस. आणि बाबा, घ्या फोन, घाबरू नका. आत्याला सांगा, संगणक नवा करायचाच असेल, तर तिने तिच्या आत्याला सांगावं."