साक्षीदार क्रमांक एक

"छांगमिनसाहेबांचं सगळं चोख आहे," बँकेतली मुलगी म्हणाली. मग तिनं स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला. "अडचण मॅडमची आहे. दहा वर्षांपूर्वी एक क्रेडिट कार्ड थकलंय, फेड अजून चालू आहे. नवराबायको म्हणून घरकर्ज मागितलंत तर नाही होणार."

बोरामचे कान तापले. हे कधीतरी निघणार, हे तिला ठाऊक होतं. ते आईच्या देखत निघेल असं मात्र वाटलं नव्हतं. आईला आज कुणी बोलावलंच नव्हतं. "लेकीचं घर होतंय आणि मी बाजारात मुळे चिरत बसू?" म्हणत किमचीचं दुकान बंद ठेवून ती आपणहून आली होती, आणि बँकेतल्या मुलीसाठी लिंबाच्या सरबताच्या दहा बाटल्यांचं खोकं घेऊन आली होती.

छांगमिन बायकोकडे वळला. लग्नाला चार महिने झाले होते आणि ही गोष्ट तो पहिल्यांदा ऐकत होता.

"कसलं कार्ड?"

कार्ड बोरामच्या नावाचं होतं, पण तिनं ते कधी हातातही धरलं नव्हतं. ती वीस वर्षांची असताना ते आईनं काढलं, आईनं वापरलं, आणि आधीचं दुकान बसलं तेव्हा आईच्याच हातून थकलं. फेडत होती बोराम. मायलेकी त्यावर कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"माझंच," बोराम म्हणाली. "कॉलेजात असताना. पर्सा, बूट... अक्कल नव्हती तेव्हा."

आता आई तोंड उघडेल की काय, याची तिला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली.

आईनं तोंड उघडलं.

"अगं, नवऱ्यापासून लपवलंस?" तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खिडकीवरचा म्हातारा वळून बघायला लागला. "तोंड दुखेपर्यंत सांगत होते, पोरी, हात जरा आखडता घे. ऐकेल तर शपथ! आता बघा जावईबापू, हिच्या नसत्या हौसेपायी तुमचं घर..." ती बाटल्यांचं खोकं काउंटरवर पुढे सरकवत राहिली. "घ्या ना ताई, तुम्ही घ्या. गार आहेत अजून."

बोरामनं मान खाली घातली. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती, आणि ती स्वतःची नव्हती. आपली आई खोटं बोलतेय यापेक्षा ती किती घाबरून बोलतेय, हे तिला बघवेना.

छांगमिन बायकोच्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होता. तिचा पट्टा दोनदा शिवलेला होता.

"मग त्या पर्सा गेल्या कुठे?" त्यानं हलकेच विचारलं. "मला तर ही एकच ठाऊक आहे. टूथपेस्टची नळीसुद्धा तू कात्रीनं कापून पुसून घेतेस."

बोरामनं पट्ट्याची शिवण तळव्याखाली झाकली. त्यानं सासूकडे पाहिलं. सासू खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होती. चष्मा तर तिच्या पिशवीतच होता.

छांगमिननं एक बाटली उचलली, झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी ती सासूपुढे धरली.

"घ्या आई. इतकं बोललात, घसा कोरडा पडला असेल."

तिनं बाटली घेतली, पण ओठांना लावली नाही.

बँकेतल्या मुलीला या सगळ्यातून सुटायचं होतं. "एक मार्ग आहे," ती घाईनं म्हणाली. "लग्नाची नोंद झालीय का तुमच्या?"

"इथून उठलो की तिकडेच जाणार होतो. हा काय फॉर्म," म्हणत छांगमिननं तो लिफाफ्यातून काढून काउंटरवर ठेवला.

"मग नका करू. नोंद नसेल तर कागदावर तुम्ही एकटे. एकट्याच्या नावावर कर्ज होईल, थोडं कमी होईल इतकंच. मॅडमची फेड संपायला चार वर्षं आहेत, तोवर थांबा. हल्ली पुष्कळ जोडपी असंच करतात."

"म्हणजे चार वर्षं ही माझी कोण?" छांगमिननं हसायचा प्रयत्न केला.

"कागदावर? कुणीच नाही."

बोरामनं काउंटरवरचा फॉर्म ओढून घेतला. वर दोघांची नावं होती, मधे साक्षीदारांचे रकाने, खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार क्रमांक एकच्या पुढे सहीऐवजी आईच्या नावाचा लाल शिक्का होता. सकाळीच तिनं तो उमटवला होता, वाळावा म्हणून तीनतीनदा फुंकर मारली होती, आणि लेकीच्या लग्नाला पहिली साक्ष माझी, असं बाजारभर सांगून आली होती.

बोराम फॉर्म परत लिफाफ्यात घालणार तेवढ्यात आईनं त्यावर हात ठेवला.

"ताई," तिनं बँकेतल्या मुलीला विचारलं. आता तिचा आवाज शेजारच्या खिडकीपर्यंतही पोचला नसता. "यात साक्षीदार बदलता येतो का?"

"येतो की मावशी. कुणीही सज्ञान माणूस चालतं."

"हां. मग बरं," आई म्हणाली. आणि गार बाटलीनं ओल्या झालेल्या अंगठ्यानं ती आपला शिक्का पुसू लागली. तो पुसला जाईना. नुसताच फिसकटत गेला आणि खाली बोरामच्या सहीला जाऊन भिडला.