आसूड

टेंभी नाक्यावर मिठाची गाडी अडवून प्राणिरक्षक सभेच्या त्रिंबकरावांनी जू उतरवलं, तेव्हा डाव्या बैलाच्या मानेचं कातडं जुवाला चिकटून आलं. गोऱ्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम दाखवून त्यांनी बैल सोडवला, पण तो पांजरपोळाच्या वाटेला लागेना. वळून वळून जुवाखालीच मान घालायला बघे. त्रिंबकरावांनी चुचकारलं, हिरवा चारा दाखवला, दावं ओढून हात सोलून घेतले. दिवस कलला. दिवेलागणीला पांजरपोळाचं फाटक बंद होई आणि तोवर बैल आत नसला तर उद्या तो पुन्हा ह्याच गाडीला जुंपला जाणार. चाकाला टेकून बसलेला गाडीवान इनास उठला. त्याने आपला आसूड पुढे केला. “शब्दानं नाय चालायचा तो, रावसाहेब. माझ्याही नाय.” त्रिंबकरावांनी जखम टाळून पाठीवर आसूड ओढला. बैल जागचा हलला नाही. “अजून जोरात मारा,” इनास म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.