तिसऱ्या बाकासाठी संदेश

मधुकर साळवे न्यायाच्या दिवसाबद्दल बोलत होता, पण त्याचं लक्ष खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या मारुती गाडीकडे होतं.

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एका शाळेच्या वर्गात दर रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना भरायची. नगर-सोलापूरकडून पोटासाठी इकडे आलेली वीस-बावीस घरं. संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, द्यायचं काम अकरा वर्षं मधुकरकडे होतं.

मारुती नंदूची होती. नंदूला गावाहून मधुकरनेच आणलं होतं, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आपल्या शेजारच्या लेथवर उभं करून हात धरून शिकवलं होतं. मधुकर अजून त्याच लेथवर होता. नंदूचं मात्र स्वतःचं वर्कशॉप झालं होतं. सहा पॉवर प्रेस, चौदा माणसं. आज उपासनेआधी सगळी मंडळी त्या नव्या गाडीभोवती जमली होती. मधुकरच्या बायकोने सीटवरून हळूच हात फिरवून पाहिला होता. तो हात काही केल्या त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना.

"जगाच्या मागे लागलेला माणूस देवासमोर उभा राहील," तो म्हणाला, "तेव्हा त्याच्याजवळ काय असेल? गाडी तिथवर जात नाही. तिथे एकच विचारतील. हे सगळं मिळवताना तू कुणाला तुडवलंस?"

नंदू बसला होता त्या तिसऱ्या बाकाकडे सरळ पाहून तो बोलत होता. चार-पाच माना तिकडे वळल्या. नंदूने डोकं खाली घातलं. मधुकरच्या जिवाला गार वाटलं. मग त्याने आवाज आणखी चढवला. अग्नी, अंधार, कायमचं बंद झालेलं दार. संदेश पंधरा मिनिटं लांबला, तरी कुणी घड्याळ पाहिलं नाही.

मंडळी पांगली. नंदू बाकावर बसूनच राहिला. भांडायला थांबलाय, असं मधुकरला वाटलं. त्याने दोन-तीन उत्तरं मनात जुळवूनही ठेवली.

"दादा, तुम्हाला कुणी सांगितलं?" नंदूने विचारलं.

"काय?"

"यल्लव्वाचं."

यल्लव्वा कोण, हे मधुकरला माहीत नव्हतं. पण त्याला सगळं ठाऊक आहे असंच धरून नंदू बोलत सुटला. यल्लव्वा निपाणीकडची, त्याच्या प्रेसवर कामाला होती. माल भराभर निघावा म्हणून नंदूने प्रेसची, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी काढून ठेवायला लावली होती. दिवाळीआधी तिची तीन बोटं गेली. तपासणीला सरकारी साहेब आले, तोवर नंदूने जाळी परत बसवली होती. बाईनेच आपल्या मनाने जाळी काढली, असं त्याने लिहून दिलं.

"माझ्या सहीने दिलं, दादा. उद्या साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगतो. वर्कशॉप बंद करतील, तर करू देत. पण आधी तिच्याकडे जायचंय. एकट्याने धीर होत नाही. तुम्ही चला."

नाही म्हणायला मधुकरला कारण सापडलं नाही.

तो गाडीत पुढे बसला. वर्कशॉप जाणार, पाठोपाठ ही गाडीही जाणार, हे त्याला कळत होतं. आता बरं वाटेल, मग बरं वाटेल, असं करत पीण्या आलं.

यल्लव्वा पत्र्याच्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. डाव्या हाताने सूप धरून, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी खडे काढत होती. नंदू तिच्यासमोर जमिनीवरच बसला. सगळं बोलला. बोलता बोलता त्याला हुंदका आवरेना. मधुकर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

यल्लव्वाने सूप बाजूला ठेवलं.

"तीन म्हैने झालं," ती म्हणाली. "नवरा रोज म्हणतोय, तूच काढली असशील जाळी. साहेबाला सांगून झालं की ह्या दारात या, आणि त्येला सांगा. माझ्यादेखत."

"सांगतो, अक्का. उद्याच येतो."

"सरी, बरं. उठा आता. रडू नका."

नंदू उठला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मधुकर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. नंदूला तो लहानपणापासून ओळखत होता, पण हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. मैलभर डोक्यावर आणलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसा तो दिसत होता. अकरा वर्षांत इतकं बोलूनही असं काही मधुकरच्या वाट्याला आलं नव्हतं. आणि आलं ते नंदूच्या वाट्याला. त्याच्या छातीत सकाळचीच आग पुन्हा उठली. या वेळी ती गाडीसाठी नव्हती.

"दादा, प्रार्थना करा," नंदू म्हणाला.

मधुकरने हात जोडले. मान खाली घातली. प्रार्थनेची सुरुवात त्याला झोपेतही येत असे. आता पहिला शब्दच आठवेना. शेजारच्या खोलीतला रेडिओ कानडीत काहीतरी सांगत होता. नंदू डोळे मिटून थांबला होता. यल्लव्वाने नंदूलाच विचारलं,

"आणि हे अण्णा? ह्येंनी काय केलंय?"

"त्यांनी? काही नाही, अक्का. ते आम्हाला शिकवतात."

यल्लव्वाने मधुकरला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मग वर का बघंनात?"