तीन हाका

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या डोंगरावर एकट्या राहणाऱ्या गामेलवर शेजाऱ्याने फिर्याद केली होती, आणि कोर्टाचं बोलावणं त्याच्या दारात जाऊन द्यायचं काम हामोचं होतं. धो धो पावसात चार मैल चढायचं हामोच्या जिवावर आलं. तो पायथ्याच्या गुत्त्यात शेकत बसला आणि कोर्टात शपथेवर सांगून मोकळा झाला, "दारात उभं राहून तीनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही."

मग दर महिन्याला भर कोर्टात गामेलच्या नावाचा पुकारा झाला. दर वेळी खरं काय ते हामोच्या ओठांवर यायचं आणि दर वेळी तो ते गिळून टाकायचा. पाचव्या पुकाऱ्यालाही गामेल आला नाही, तेव्हा त्याला कायद्याबाहेर टाकलं. आता दिसेल तिथे त्याला कुणीही लांडग्यासारखं मारलं तरी गुन्हा नव्हता.

त्या संध्याकाळी हामो पहिल्यांदा तो डोंगर चढला. धापा टाकत त्याने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, फक्त गुत्त्याचं तेवढं सोडून. "पळ काका, उद्या शिपाई येतायत!"

गामेलने कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं. मग आपलं घोंगडं काढून हामोच्या अंगावर टाकलं.

"माझंच चुकलं रे पोरा, कान गेलेत माझे. तसल्या पावसात तू एवढा चढून आलास, तीन-तीन हाका मारल्यास, आणि मी तुला साधं आत ये म्हटलं नाही."