लवकर बरे व्हा

चाकणच्या कोरियन कंपनीत प्रेसखाली पप्पांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. बँडेजमधल्या हाताचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर आला, त्याखाली कोरियन साहेबांनी टाकलं होतं: ㅋㅋㅋ

"निशू, तू त्या कोरियन सिरियली बघतेस ना? काय म्हणतायत गं साहेब?"

चॅटवर खिदळताना कोरियन लोक हे टाकतात, मला माहीत होतं. पण पप्पांचा चेहरा बघून म्हटलं, "लवकर बरे व्हा, म्हणतायत."

"माणसं चांगली आहेत. परमनंट करतील बघ मला."

आज सकाळी ग्रुपवर मेसेज आला, मोठ्या साहेबांची आई आयसीयूत आहे.



उरलेल्या तीन बोटांनी कॉपी करून पप्पांनी सगळ्यांच्या आधी पाठवलं: ㅋㅋㅋ