गदेचा दांडा

जोतीरामांनी गदेचा दांडा पुन्हा तिरपा ओढला आणि पडद्यावर तो पुन्हा सज्जाच्या कडेला समांतर होऊन आडवा पडला.

"ह्याला गदा ठाऊक न्हाय," ते कातावून म्हणाले. "ह्याला जगात नुसते सज्जेच दिसत्यात."

टॅब्लेट सुनेचा होता. चित्र तालमीच्या नव्या दर्शनी भागाचं होतं, गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेल तसं. क्षितिजरेषेवरचे दोन्ही लोपबिंदू, लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते, जोतीरामांनी स्वतः, मोजून, चित्राच्या बाहेर ठेवले होते. तांत्रिक महाविद्यालयात ते आयुष्यभर तेच शिकवत आले होते. या सॉफ्टवेअरमध्ये यथार्थदर्शनाची, म्हणजे पर्स्पेक्टिव्हची, मदत चालू असली की कुठलीही रेघ आपोआप सरळ होऊन त्या दोन बिंदूंपैकी एकाकडे तरी धावायची, नाहीतर ओळंब्यात उभी राहायची. भिंती, खांब, पायऱ्या सकाळपासून सुरेख उतरल्या होत्या. राहिली होती ती दारावरची गदा. आणि गदा तिरपीच हवी होती.

"क्रांती, ही मदत तेवढी बंद करून दे."

"बंद न्हाय होत, मामा," शेजारी बसलेली सून म्हणाली. "ह्यात तसंच हाय. गदा ऱ्हावू दे की, मी काढते मागनं."

"गदा तू काढणार आणि कोपऱ्यात नाव माझं?"

"मग माझं घाला."

जोतीरामांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एरवी ते हसले असते. पण संध्याकाळी तालमीत बैठक होती. ठेकेदाराने एक तयार चित्र आणून ठेवलं होतं. वरपासून खालपर्यंत निळ्या काचा, एखाद्या मॉलसारख्या. जोतीरामांचं चित्र वेळेत पोचलं नाही, तर तेच मंजूर होणार होतं. ज्या दारातून त्यांचे वडील अंगाला लाल माती लावून बाहेर पडत, त्या दाराला काच बसणार होती.

त्यांनी रेघ पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा सज्जा.

"सर, झालं का?" तोहिद दारातच चपला काढत म्हणाला. तो तालमीचा सचिव आणि जोतीरामांचा एके काळचा विद्यार्थी. "मंडळी जमायला लागल्यात."

"जा, सांग त्यांना, तुझ्या सरांना साधी गदा काढता येईना. हे बघ. तिरपं ओढलं की आडवं. आणि म्हणे बंद होत नाही."

"कोण म्हणतंय? बटण हाय की."

"तोहिदभाऊ, च्या घेणार न्हवं?" क्रांती घाईने म्हणाली. "बसा आधी."

तोवर तोहिदचं बोट पडद्यावर टेकलं होतं. "हं. आता ओढा, सर."

जोतीरामांनी ओढली. रेघ तिरपी आली. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत ती थरथरत गेली होती, हलत्या पाण्यात काठीचं प्रतिबिंब दिसावं तशी. त्यांनी ती पुसली. कोपर टेबलावर टेकवलं, श्वास रोखला, मुलांना शिकवत तसा. दुसरी रेघ पहिलीहून वाईट आली.

तोहिद खिडकीबाहेर बघू लागला.

ड्रॉइंग बोर्ड कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, तेव्हा जोतीरामांनी घरात पाठदुखीचं कारण सांगितलं होतं. कुणी काही विचारलं नव्हतं. आता त्यांनी सकाळपासून काढलेल्या भिंती, खांब, पायऱ्या एकेक करून पाहिल्या. एकही रेघ हललेली नव्हती.

"बटण सापडत नव्हतं व्हय गं तुला?"

क्रांतीने मान वर केली नाही. "सापडत हुतं," ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी तोहिदला हाक मारली. त्याने ओ दिली, पण तो जागचा हलला नाही.

जोतीरामांनी टॅब्लेट तिच्यापुढे सरकवला आणि वर लेखणी ठेवली. "काढ."

"मामा, मी आपली पोरांच्या गोष्टींची चित्रं..."

"दांडा तिरपा. गोळा वर. घाई करायची नाही."

तिने लेखणी उचलली. वाकड्या रेघेपायी वर्गच्या वर्ग पुन्हा बसवणारा माणूस तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. लेखणीचं टोक पडद्याशी पोचलं आणि तिथेच कापू लागलं. तिने ते मागे घेतलं.

"तुमी असं बघत ऱ्हायलासा की हात हालतोय माझा."

जोतीरामांनी नजर काढली नाही.

"हलू दे," ते म्हणाले. "रेघ ओढ."